भावाचा खोकला

राष्ट्राध्यक्षांनी नर्स इंदुमतीच्या खांद्यावर सत्काराची शाल घातली आणि फोटोसाठी ते तिच्या शेजारी उभे राहिले. गेल्या निवडणुकीपर्यंत ते गुप्तहेर खात्याचे प्रमुख होते.

"सिस्टर, भावाचा खोकला कसा आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"बरा आहे, साहेब," ती बोलून गेली. साहेबांविरुद्ध लिहिणारा तिचा भाऊ श्रीरंग नऊ वर्षांपूर्वी पुरात वाहून गेला, असंच सगळ्यांना वाटत होतं. तिने त्याला माळ्यावर लपवलं होतं.

"जपा त्याला," साहेब हसून म्हणाले. फोटो निघाला.

घरी येताच ती माळ्यावर चढली आणि श्रीरंगचे कपडे पिशवीत कोंबू लागली. "ऊठ! त्यांना कळलंय. आत्ताच्या आत्ता निघायचं."

श्रीरंगने तिचा हात धरला. "कुठे जाणार, ताई? तेव्हा त्याच्या हातात एक खातं होतं. आता सगळा देश आहे."

ती मटकन खाली बसली. पिशवीतले कपडे बाहेर काढत म्हणाली, "मग निदान आज खाली जेवायला चल."

नऊ वर्षांनी बहीणभाऊ समोरासमोर जेवायला बसले. ताटातला भात निवत गेला. दोघांचेही कान दाराकडे लागले होते.