खिंडीतला वाटाड्या

"टेकडीवर चढ, बाबा," आई पडद्यावरच्या वाटाड्याकडे बघत पुटपुटली आणि तिने माउस दाबला.

"आई, आधी आपल्या गावाभोवती एक चक्कर मारायची असते," मुलगी मागून म्हणाली.

"तू गप्प बस. तू त्यांच्या बाजूची."

खोटं नव्हतं ते. जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप पाठीला पाठ लावून उघडले होते. पलीकडे जावई बसले होते. आईचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा नकाशावर गावं वसवायचा हा खेळ त्यांनीच तिला शिकवला. प्लास्टर निघून महिना झाला, तरी लेक-जावई तिला तिच्या घरी जाऊ देईनात. शेवटी आईनेच पैज मांडली. तीस चाली, लढाई बंद, ज्याची गावं जास्त तो जिंकला. आई जिंकली तर उद्याच आपल्या घरी. हरली तर कायमची इथे. आजवरचे अकराही डाव ती हरली होती.

वाटाड्या टेकडीवर पोचला आणि नकाशावरचा काळोख झपकन मागे सरला. खाली नदी! आईने तीस वर्षं घरोघर टपाल वाटलं होतं. नदी दिसल्यावर पुढे कुठे जायचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. काठाकाठाने ती वाटाड्याला पळवत सुटली.

बाराव्या चालीला हिरवंगार खोरं उघडलं. तीन गावं आरामात मावतील एवढं. पलीकडे डोंगरांची भिंत, भिंतीत एकच खिंड, जेमतेम एका चौकोनाची, एका वेळी एकच माणूस मावेल अशी. आणि खिंडीच्या तोंडाशी जावयांची निळी टोळी, गाव वसवायला निघालेली.

आई पडद्याजवळ सरकली. वाटाड्याची दोन पावलं शिल्लक होती. तिने दोन्ही टाकली आणि त्याला नेमका खिंडीत उभा केला.

पलीकडून माउसची टकटक झाली. मग पुन्हा झाली.

"आई, तुमचा माणूस जरा बाजूला घ्या ना."

"का हो?"

"माझी माणसं यायचीत आत."

"येऊ द्या की. मी कुठे अडवलंय? मी नुसती उभी आहे."

मुलीला हसू फुटलं. नवऱ्याने डोळे वटारले तशी तिने ओंजळीत तोंड लपवलं.

निळी टोळी डोंगराला वळसा घालायला निघाली. तेवढ्यात आईची माणसं नदीकाठाने खोऱ्यात उतरली. एक गाव वसलं. दुसरं वसलं. अठ्ठाविसाव्या चालीला तिसरं वसलं, तेव्हा आई खुर्चीतून अर्धी उठलीच. तीस चाली संपल्या. आईची चार गावं, जावयांची तीन.

जावयांनी लॅपटॉप मिटला आणि हात जोडले. "मानलं! पण इतक्या लांब, ना सोबत ना सैन्य. भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण सोबतीची वाट बघत बसले असते, तर खिंड तुमची होती."

मुलगी उठली, स्टुलावर चढली आणि कपाटावरची बॅग खाली काढून फडक्याने पुसू लागली.

"रोज सकाळी फोन करीन मी," ती मान वर न करता म्हणाली.

"दहानंतर कर," आई म्हणाली. "त्याआधी मी घरात सापडायची नाही."