सुट्या टाळ्या

“कशी आहे आज गर्दी?” गिटारची खुंटी पिळत बाबांनी विचारलं.

“गच्च. मागे काही जण उभे आहेत.”

“उभे नकोत गं. पाय दुखले की शिव्या गाण्याला पडतात.”

ती हसली. पडदा जरा सारून तिने सभागृहात पाहिलं. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दाराशी रखवालदारकाका मांडीवर डबा उघडून बसले होते. त्यांनी मान हलवून खूण केली: होऊ दे सुरू.

बाबांची दृष्टी गेली, त्याच सुमारास त्यांचे श्रोतेही गेले. आयोजकांचे फोन बंद झाले. बाबा जेवेनात, बोलेनात. नुसते गिटार पुसत बसत. तेव्हा तिने हे सुरू केलं. सभागृहाची ध्वनियंत्रणा तीच सांभाळायची आणि दुपारी ते मोकळंच असे. ती शाळेत असतानाच्या, खच्चून भरलेल्या एका कार्यक्रमाची टेप घरात उरली होती. त्यातल्या टाळ्या ती खुर्च्यांमागच्या स्पीकरमधून सोडायची.

भीती एकच होती. बाबांना हे कळलं तर ते पुन्हा गिटारला हात लावणार नाहीत.

त्या दिवशी ते छान गायले. सगळी त्यांचीच गाणी, त्यांनीच लिहिलेली. प्रत्येक गाण्यानंतर टाळ्यांची लाट यायची, ओसरायची आणि मग डावीकडून दोन सुट्या टाळ्या ऐकू यायच्या. कुणाच्या तरी, बेताल, सगळ्यांचं झाल्यावर वाजलेल्या. तिच्या कानाला त्या खुपायच्या. एकदा तिने त्या कापून टाकल्या होत्या. नेमके त्याच दिवशी बाबा दुसऱ्याच गाण्यात शब्द विसरले आणि घरी येईपर्यंत गप्प राहिले. त्यांचा कान तयार. संशय नको, म्हणून तिने त्या परत जोडल्या.

टाळ्या संपल्या की बाबा मान डावीकडे कलती करून थोडे थांबत. ओठ हलत. पुढच्या गाण्याचे शब्द जुळवत असावेत.

कार्यक्रमानंतर रखवालदारकाकांनी येऊन त्यांचा हात हातात घेतला. “रडवलंत, साहेब.”

“हात ओळखीचा वाटतोय. मागच्या वेळी रडलात तेही तुम्हीच का?”

“सवयच लागलीय, साहेब.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने वर्तमानपत्र उघडून वाचल्यासारखं केलं. “‘गळा आता थकला आहे. वरच्या सुरांच्या नादी लागू नये. पण दोन ओळींमधलं थांबणं नव्या मुलांनी यांच्याकडून शिकावं.’”

नुसतं कौतुक बाबांना पटलं नसतं, म्हणून हा खवचट समीक्षक तिने रचला होता. बाबांच्या तोंडावर बोलवत नसे ते ती त्याच्या नावावर खपवायची.

“चिडका आहे, पण कान आहेत त्याला,” बाबा म्हणाले. “लग्न झालंय का त्याचं?”

“बाबा!”

“विचारलं आपलं. तुझी आई असती तर एव्हाना त्याच्या घरी जाऊन बसली असती. अर्थात, लग्नाला उशिरा पोचली असती. स्वतःच्याच लग्नात मला ताटकळत ठेवलं होतं तिने.”

आई परिचारिका होती. पाळी संपवून धावतपळत कार्यक्रमाला यायची, लेकीचा हात धरून अंधारात डावीकडची, कडेची खुर्ची चाचपडायची. तिला जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

दुपारी जेवून बाबा आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

मग घर माणसांनी भरलं. शेवटचा कार्यक्रम आदल्याच दिवशी झाला, एवढं ती एका वार्ताहराला बोलून गेली होती. ते छापून आलं आणि पाहता पाहता सगळेच त्या कार्यक्रमाला हजर असल्याचं निघालं.

“काय वातावरण होतं!” एक बाई डोळे टिपत म्हणाल्या. “माझ्या शेजारचे गृहस्थ तर हुंदके देत होते.”

एका खऱ्या समीक्षकाने लिहिलं की मुंगी शिरायला जागा नव्हती. ते स्वतः भेटायलाही आले.

“मी तिसऱ्या रांगेत होतो. तुम्ही पाहिलं नसेल, गर्दीच एवढी.”

“मी दारातच होतो,” कोपऱ्यातून रखवालदारकाका म्हणाले. “साहेब कुठून आत आले?”

समीक्षकांनी पाण्याचा पेला उचलला.

तिला राग आला नाही. तेवढं त्राणच नव्हतं. डोळे मिटले की त्या रांगा तिलाही भरलेल्या दिसायच्या. माणसं सगळी पाठमोरी. एकही मान वळत नसे.

एका दुपारी ती सभागृहात गेली. बाबांच्या हट्टापायी ती प्रत्येक कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायची, पण आपलंच खोटं पुन्हा ऐकायचं धाडस तिला कधी झालं नव्हतं. आज तिने शेवटचं ध्वनिमुद्रण लावलं आणि जाऊन पहिल्या रांगेत बसली.

बाबांचा आवाज रिकाम्या खुर्च्यांवरून फिरला. गाणं संपलं. टाळ्या आल्या, ओसरल्या. मग त्या दोन, डावीकडून.

आता बाबा थांबले असणार. मान कलती असणार. तिला राहवलं नाही.

“बाबा,” ती मोठ्याने म्हणाली, “इथे कोणीच नव्हतं हो. कधीच नव्हतं.”

स्पीकरमध्ये थोडी खरखर झाली. मग माइकपासून तोंड वळवून, हलक्या आवाजात बाबा बोलले.

“आलीस? नेहमीसारखी उशिराच. बस गं कुठेही, सगळ्या खुर्च्या रिकाम्याच आहेत.”