शंभरापासून उलटे

“त्यांना मी आणते,” असं डॉक्टरबाईंनी सांगून टाकलं आणि बैठकीतली कुजबुज थांबली.

भूलतज्ज्ञांच्या संघटनेला पंचवीस वर्षं होत होती. समारंभाला कुणीतरी नावाजलेला पाहुणा हवा, यावर तासभर काथ्याकूट चालला होता. तेवढ्यात बाईंनी सिनेमातल्या एका गाजलेल्या नटाचं नाव घेतलं. तो तर गेली कित्येक वर्षं कुठल्याच व्यासपीठाकडे फिरकला नव्हता.

ओळख कशी, असं अध्यक्षांनी विचारलं.

“अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या पोटाच्या ऑपरेशनला भूल मी दिली होती,” बाई म्हणाल्या. “नाडी घोड्यासारखी पळत होती, ती खाली आणली. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही मीच टिपलं. एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे पुसलेत या हातांनी.”

सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. कोपऱ्यातल्या एका वयस्कर डॉक्टरांनी तेवढी चष्म्यावरून बाईंकडे एकदा नजर टाकली.

बाईंना हे जमवायचंच होतं. नऊ वर्षं त्यांनी चिटणीस म्हणून संघटनेचा गाडा ओढला होता आणि त्याच समारंभात नवा अध्यक्ष निवडला जाणार होता. असा पाहुणा आणल्यावर दुसऱ्या कुणाला मत पडणार? शिवाय मनात एक जुनी सल होती. बरा झालेला पेशंट सर्जनला पेढ्यांचा पुडा देतो, नर्सचेही आभार मानतो. झोपवून पुन्हा जागं करणाऱ्याचं नाव मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. हे त्यांना फार लागायचं.

बाई निमंत्रण घेऊन गेल्या, तेव्हा नटाच्या बायकोने दार उघडलं. आतल्या खोलीतला पलंग दुकानात मांडल्यासारखा दिसत होता, चादरीला एक सुरकुती नाही. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत मात्र उशी आणि चुरगळलेलं पांघरूण होतं.

“हे आडवे होतच नाहीत हो,” ती म्हणाली. “बसल्या बसल्या डुलकी लागेल तेवढीच झोप.”

बाईंनी डॉक्टरी सवयीने चार सल्ले दिले. या माणसाची एक खोड त्यांनीही ऐकली होती. तो सिनेमात मरत नसे. निपचित पडायचं तेवढं सोडून काहीही सांगा, असं दिग्दर्शकाला बजावून ठेवायचा. पुढे पुढे त्याने कामच सोडलं. डोक्यात हवा गेली, असं लोक म्हणायचे.

नट येऊन समोर बसला. बाईंनी पत्रिका पुढे केली आणि घोटून ठेवलेलं निवेदन सुरू केलं. त्याने पत्रिका उघडलीसुद्धा नाही. डोळे मिटून ऐकत राहिला. बाई जरा अडखळल्या.

“बोला, बोला. मी चेहरा पाहिला नव्हता नीट,” तो म्हणाला. “आवाज तोच आहे.”

बाई हुरळून गेल्या. अकरा वर्षांनीही कुणाला तरी आपण आठवत होतो.

“शंभरापासून उलटे आकडे मोजायला लावता का अजून?”

“लावते ना. पण नव्वदच्या खाली आजवर कुणी पोचलेलं नाही,” बाई हसून म्हणाल्या.

तोही हसला. मग म्हणाला, “पडदे शेवटी हिरवेच घेतलेत का?”

बाईंच्या घरी बैठकीच्या खोलीत हिरवे पडदे होते खरे. ते याला कसं ठाऊक, हे बाईंना कळेना. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की ऑपरेशनआधी आपण तपासायला गेलो तेव्हा गप्पांच्या भरात सांगितलं असेल. काय स्मरणशक्ती या माणसाची!

मानधन तर राहोच, त्याला गाडीसुद्धा नको होती. त्याच्या अटी तीनच होत्या. कार्यक्रमभर सभागृहातले सगळे दिवे चालू हवेत. बाईंनी त्याच्या शेजारी बसायचं. आणि त्याचं भाषण सर्वांत शेवटी, अध्यक्ष निवडून झाल्यावर. बाईंनी आनंदाने मान्य केलं.

समारंभाला खुर्च्या कमी पडल्या. बाई एकमताने अध्यक्ष झाल्या. टाळ्या थांबेनात. हातात पुष्पगुच्छ घेऊन त्या नटाच्या शेजारी बसल्या होत्या आणि आयुष्यात इतकं भरून पावल्यासारखं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

नट उठला. माईक सरळ केला.

“तुमच्या नव्या अध्यक्षबाई म्हणतात, नव्वदच्या खाली कुणी पोचत नाही. मी एकापर्यंत पोचलो.”

सभागृहात हशा पिकला. मुरलेल्या नटासारखा तो हशा विरेपर्यंत थांबला.

“मग पुन्हा शंभरापासून सुरू केलं. दुसऱ्यांदा सत्तरवर होतो, तेव्हा पोटाला सुरी लागली. ओरडायला गेलो, पण जीभ हलेना. बोट हलवून पाहिलं, तेही हलेना. पापणीसुद्धा माझी राहिली नव्हती.”

कोपऱ्यातल्या वयस्कर डॉक्टरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. बाईंनी हातातला गुच्छ खाली पायाशी ठेवला. दिवे सगळे लख्ख चालू होते.

“डॉक्टरबाई माझ्या उशाशी बसून फोनवर बोलत होत्या. पडदे निळे घ्यावेत की हिरवे घ्यावेत, यावर बराच वेळ चाललं होतं. पोटात चाललेलं मला सगळं कळत होतं. मी आकडे मोजत राहिलो, कारण मला तेवढंच करता येत होतं.”

तो बाईंकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता.

“मग फोन ठेवून या वाकल्या आणि त्यांनी माझे डोळे पुसले. इतक्या हळुवार पुसले, की मला वाटलं, यांना कळलं.”