ल्यू साहेबांच्या जेवणाची सोय

गोबी मंचुरियनचा पहिला घास तोंडात घालून ल्यू साहेब थांबले. त्यांनी डोळे मिटले. चावणंही थांबलं.

समोर बसलेल्या योगीराजचा जीव टांगणीला लागला.

"फाइन, सर?" त्यानं विचारलं.

साहेब घास गिळून वर पाणी प्यायले. "व्हेरी फाइन," ते म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.

योगीराजनं काउंटरवरच्या वासुदेवकडे बघून मान डोलावली. माणसाला घरची आठवण आली होती, दुसरं काय!

ल्यू साहेब चीनमधल्या सिचुआन प्रांतातून ग्रॅनाइट बघायला आले होते. माल पसंत पडला तर दोन वर्षांचं काम हातात येणार होतं. अप्पासाहेबांच्या कंपनीचं मल्लेश्वरममधलं ऑफिस योगीराज सांभाळायचा. अप्पासाहेबांनी निपाणीहून फोन करून त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "ही ऑर्डर गेली तर बंगळूरचं ऑफिस बंद. तू गाठोडं बांधून इकडं ये."

योगीराजला गाठोडं बांधायचं नव्हतं. मुलीला हव्या त्या शाळेत प्रवेश मिळून जेमतेम महिना झाला होता, आणि तेवढ्यासाठी तो किती जणांच्या पाया पडला होता ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मागच्या खेपेला एक जपानी पार्टी आली होती. योगीराजनं हौसेनं त्यांना मिलिटरी हॉटेलात, म्हणजे इथल्या मांसाहारी खानावळीत, तिखटजाळ मटण खायला नेलं. पार्टी दोन दिवस खोलीबाहेर पडली नाही, आणि तिसऱ्या दिवशी सरळ विमानात बसली. तोंडाशी आलेला घास असा गेला. तेव्हापासून योगीराजनं कानाला खडा लावला होता, पाहुण्याला पाहुण्याचंच जेवण घालायचं.

वासुदेवचं हॉटेल त्यासाठी सोयीचं होतं. आधी तो तिथं डोसे विकायचा. मग चायनीजची हवा सुटली, तसे त्यानं लाल पडदे लावले, लाल दिवे लावले आणि खास शेजवान जेवण सुरू केलं. कृष्णाचा फोटो, उदबत्ती आणि स्टीलची ताटं तेवढी पूर्वीचीच राहिली.

"अण्णा, साहेब खुद्द शेजवान मुलखातले आहेत," योगीराजनं त्याला बजावलं होतं. "चव बिघडली तर माझी मान जाईल."

"सरी, सरी. सॉस डबल घालतो," वासुदेव म्हणाला होता. "तुम्ही स्वल्पही काळजी करू नका."

दिवसभर दोघं खाणीवर हिंडत. संध्याकाळी योगीराज साहेबांना वासुदेवकडे आणी. ऑर्डर तो स्वतःच देई. मेन्यूकार्ड त्यानं साहेबांच्या हाती पडू दिलं नाही. पाहुण्यानं फक्त जेवायचं, असा त्याचा खाक्या. चॉपस्टिक हॉटेलात नव्हत्या. साहेबांनी मुकाट्यानं काटाचमचा उचलला. माणूस गरीब गाय होता.

पण चौकस फार. हे कशाचं, हे कसं करतात, सगळं विचारायचे. एकदा वासुदेवलाच त्यांनी विचारलं, "तुम्ही हे कुणाकडून शिकलात?"

"माझ्या मेव्हण्याकडून. दावणगेरेला," वासुदेवनं छाती फुगवून सांगितलं.

"दावणगेरे," साहेबांनी ते नाव दोनदा घोळवून म्हटलं. मग अमेरिकन चॉप्सीचा, वरच्या अंड्यासकट, फोटो काढला.

योगीराज रोज घरी आला की ताक मागायचा. सॉसनं त्याच्या पोटात आग पडायची.

"कशाला जिवाचे हाल करून घेता?" त्याची बायको क्षमा म्हणाली. "एक दिवस घरी आणा की त्यांना. झुणका-भाकर करते, वर लोण्याचा गोळा."

"झुणका घालू? अगं, आपली भाकरी बघूनच पळेल तो. जपान्यांचं विसरलीस वाटतं?"

"अहो, पण आपल्या घरी आलेला माणूस आपलंच खाणार ना?"

"तुला धंद्यातलं कळत नाही," योगीराज म्हणाला. क्षमानं ताकाचं भांडं जरा जोरातच ठेवलं.

शेवटची संध्याकाळ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचं विमान होतं, आणि ऑर्डरबद्दल त्यांनी अजून चकार शब्द काढला नव्हता. इथं यायच्या आधी त्यांनी मद्रास आणि हैदराबादच्या कंपन्या बघितल्या होत्या, त्यामुळे योगीराज ताटातलं नुसतंच चिवडत बसला. वासुदेवनं मात्र आज कमाल केली होती. मंचुरियन, शेजवान राइस, चॉप्सी, सगळं लालेलाल.

साहेबांनी ताट स्वच्छ केलं. तोंड पुसलं. मग बॅगेतून करारपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यावर सही झालेली होती.

योगीराजचा जीव भांड्यात पडला. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते लपवायला त्यानं घाईघाईनं पाण्याचा ग्लास उचलला.

"थँक्यू, सर. आमचा दगड आहेच तसा," तो म्हणाला.

"दगड सगळ्यांचाच चांगला आहे," ल्यू साहेब म्हणाले. त्यांचं इंग्रजी मोजकं होतं, ते एकेक शब्द जुळवत बोलत होते. "भावही सारखेच आहेत. मी माणूस बघत होतो."

"म्हणजे?"

साहेबांनी रिकाम्या ताटावर प्रेमानं हात ठेवला.

"मद्रासला, हैदराबादला, सगळ्यांनी मला चायनीज जेवायला नेलं. तुम्ही एकट्यानंच रोज तुमच्या गावचं जेवण घातलंत."