मूल राहतं कुठं?

प्रमोदिनीच्या मांडीवरची पोर चुळबुळत होती. अनाथाश्रमातून घरी आणली तेव्हा हौसेनं कमरेला बांधलेला काळा करदोटा आता तिला काचत होता. पोर सापडली शहराबाहेर, कोवलमच्या किनाऱ्यावर, म्हणून शहराच्या कोर्टानं दत्तकाचा अर्ज जिल्हा कोर्टाकडे ढकलला होता. आश्रम शहरातल्या जॉर्ज टाउनमधला, म्हणून जिल्ह्यानं तो परत भिरकावला होता. आज शहरातले नवे न्यायाधीश चष्मा पुसत पुन्हा तेच विचारत होते, "मूल राहतं कुठं?" "माझ्या कडेवर," प्रमोदिनी म्हणाली. "तसं नाही हो बाई, कायद्यानं कुठं?" म्हणत त्यांनी अर्ज पुन्हा जिल्ह्याकडे धाडला. तिचा वकील नंदीबैलासारखी मान डोलवत राहिला. एवढी शिकलेली टाळकी, आणि कवडीची अक्कल नाही! प्रमोदिनीनं करदोटा दातांनी तोडला आणि टेबलावर टाकला. "हाही सोबत पाठवा, साहेब. तुमचं ठरायच्या आत पोर याच्यात मावेनाशी झाली."