फाटकाजवळचं ज्युनिपर

"यंदाही नाहीच ना धरलं?" फाटकातूनच तेक्लेनं विचारलं आणि वाटीभर निळी ज्युनिपरची फळं मार्सेलेच्या हातात ठेवली. कोबी खारवायचा म्हणजे ती हवीतच, आणि मार्सेलेला ती दर वर्षी नणंदेकडून घ्यावी लागत. मान खाली घालून.

मार्सेलेच्या फाटकाजवळचं ज्युनिपरचं झुडूप सासूबाईंनी तिच्या लग्नादिवशी साऱ्या वऱ्हाडासमोर लावलं होतं. "याला फळ धरलं की घरात पाळणा हलेल," असं म्हणून. सासूबाई गेल्या, मार्सेलेचे केस पिकले, झुडूप छपराला भिडलं. फळ नाही आणि पाळणाही नाही. तरी ती त्याचं मायेनं करायची. मुळाशी पाणी साचू द्यायची नाही. बर्फाच्या ओझ्यानं फांद्या फाकू नयेत म्हणून हिवाळ्याआधी दोरीनं आवळायची. मे महिन्यात त्यातून पिवळी धूळ उडायची, तेव्हा वाळत घातलेल्या चादरी निमूटपणे पुन्हा धुवायची.

"माझ्या भावाचं मन मोठं म्हणून हो," तेक्ले म्हणाली. "दुसऱ्यानं तुला केव्हाच घराबाहेर काढलं असतं."

मार्सेलेलाही ते पटायचं. नवऱ्यानं, आदोमासनं, तिला कधी एका शब्दानं दुखवलं नव्हतं. त्याच्या या चांगुलपणानं ती आणखीच ओशाळायची.

तेक्लेबरोबर आज तिचा जावई होता, वनखात्यातला. झुडूप न्याहाळून त्याला हसू आलं.

"मामी, याला फळ धरेलच कसं? नर आहे हा! यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी. फळं फक्त मादीला. बिचाऱ्याला उगाच बोल लावलेत तुम्ही."

तेक्लेचं तोंड एवढंसं झालं. कामाची आठवण काढून ती जावयाला घेऊन चालती झाली.

आज आदोमासच झुडपाआड दोरी आवळत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"बघा," मार्सेले हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "झुडूप बिचारं निर्दोष निघालं. आता दोष तेवढा माझा एकटीचाच उरला. मला तर तुमच्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटते हो."

आदोमासचे हात थांबले. त्यानं मान वर केली नाही.

"लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी," तो म्हणाला, "मी विल्नियसच्या डॉक्टरला दाखवून आलो होतो, मार्सेले. दोष माझ्यात आहे."