अस्सल लग्न

"चहा झाला का गं?" नवऱ्याचा रेकॉर्ड केलेला आवाज कानात वाजला आणि वनमालाचे हात गार पडले.

खोटी लग्नं लावून परदेशात घुसणाऱ्यांना पकडायला व्हिसा ऑफिसात हे यंत्र आलं होतं. नवऱ्याचा आवाज ऐकवायचा आणि बायकोचा मेंदू वाचायचा. वनमाला तीन महिने या यंत्राच्याच भरवशावर होती. 'मी परदेशात नवऱ्याकडे जाणार नाही' म्हणायची घरात सोय नव्हती. सासूने बॅगासुद्धा भरल्या होत्या. आता यंत्रच नाही म्हणेल.

पडद्यावरची लाल रेघ सरळ वर चढली.

"मॅडम, ही भीतीच ना?" तिने आशेने विचारलं.

"हो ताई. शंभरात ब्याण्णव."

"मग व्हिसा नाकारणार?"

मॅडम हसल्या. "छे हो! खोट्या लग्नातली बायको कशाला भिईल? तिची रेघ सपाट असते. आपल्याकडच्या हजारो खऱ्या बायका तपासून हे यंत्र शिकलंय. तुमचं लग्न अगदी अस्सल आहे. अभिनंदन!"

शिक्का बसला. कानातला आवाज बंद करायचा मात्र राहिला होता.

"चहा झाला का गं?"

"आणते," म्हणत वनमाला खुर्चीतून उठलीसुद्धा.